समुद्र नसलेल्या राजाची दोन जहाजं

ग्वाल्हेरचं नाव आपल्या मंडळात निघतं ते बहुतेक वेळा तांब्यांमुळे. राजकवी भा. रा. तांबे ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचे, आणि १९४१ मध्ये गेले तेही ग्वाल्हेरलाच. त्यापलीकडे आपल्याला ग्वाल्हेर म्हणजे किल्ला, तानसेन, झाशीची राणी जिथे पडली ती जागा, आणि जयविलास राजवाड्यातली चांदीची आगगाडी. जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले, आणि त्यावरून ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढे फिरणारी ती गाडी. यूट्यूबवर तिचे चिकार व्हिडिओ आहेत. ही गाडी ज्यांची, ते माधवराव शिंदे, १८७६ ते १९२५. मी लिहितेय ते त्यांच्याबद्दलच, पण गाडीबद्दल नाही. त्यांच्या जहाजांबद्दल.

आता ग्वाल्हेरला समुद्र कुठला? किल्ल्यावर उभं राहिलं तर दिसतो तो चंबळच्या बाजूचा सुका मुलूख. आरमार हा शब्द त्या दरबारात आंग्र्यांमुळेच काय तो माहीत असेल. कान्होजींच्या वंशाची एक शाखा शिंद्यांकडे सरदार होती. आणि तरीही या राजाचा दोन लढायांशी जो संबंध आला, तो समुद्रावरून आला. दोन्ही वेळा जहाज लढाऊ नव्हतं. जखमींचं होतं. दुसरं जहाज तर लढाई संपल्यावर परत साध्या, सिव्हिलियन कामाला लागलं, आणि तेव्हा त्याच्या हातून असं काही झालं की ज्याची अपेक्षा त्याला नाव देणाऱ्यांनी नक्कीच केली नव्हती.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव जून १८८६ मध्ये वारले तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा. गादी मिळाली, कारभार कौन्सिलकडे गेला, आणि पूर्ण अधिकार मिळाले ते १८९४ मध्ये. त्या घराण्याच्या डोक्यावर एक मोठी गोष्ट बसलेली होती, ती लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १८५८ मध्ये तात्या टोपे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर आले तेव्हा जयाजीरावांचं सैन्य त्यांना जाऊन मिळालं आणि जयाजीराव स्वतः आग्र्याला इंग्रजांकडे निघून गेले. म्हणजे राजा एकीकडे, फौज दुसरीकडे. इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसवलं, पण किल्ला स्वतःच्याच ताब्यात ठेवला, आणि तो शिंद्यांना परत मिळाला १८८६ मध्ये, तोही झाशी देऊन. दत्ताजी आणि महादजींच्या घरातल्या मुलाला आपल्याच गावातला किल्ला दुसऱ्याच्या ताब्यात बघत मोठं व्हावं लागलं होतं. राजनिष्ठा हा त्या घरात नुसता शब्द नव्हता, तिचा हिशोब ठेवला जात होता.

माधवराव यंत्रांचे वेडे होते. राजवाड्यातली टेबलावरची गाडी हा त्या वेडाचा सगळ्यात छोटा नमुना. मोठा नमुना म्हणजे ग्वाल्हेर लाइट रेल्वे, दोन फुटांच्या रुळांची. भिंड आणि शिवपुरीकडचे फाटे १८९९ मध्ये सुरू झाले, श्योपूरपर्यंतची लाइन १९०९ मध्ये पुरी झाली, आणि ती सुमारे दोनशे किलोमीटरची छोटी गाडी थेट २०२० पर्यंत धावत होती. लोक टपावर बसून जायचे ती. राजाचं खेळणं म्हणून सुरू झालेली गोष्ट शंभर वर्षं गावकऱ्यांची गाडी होते, हे मला आवडतं. जहाजाच्या बाबतीतही असंच काहीसं घडलं.

पहिलं जहाज १९०० सालचं. चीनमध्ये बॉक्सरांचं बंड उसळलं होतं. बॉक्सर परकीयांच्या विरुद्ध होते, आणि चिनी ख्रिस्ती लोकांच्याही, कारण त्यांच्या मते ते परकीयांचेच झाले होते. ख्रिस्ती गावं जाळली गेली, हजारो माणसं मारली गेली. आमच्या चर्चच्या कॅलेंडरमध्ये ९ जुलैला चीनच्या हुतात्म्यांचा सण असतो. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी ज्या १२० जणांना संत म्हणून जाहीर केलं, त्यांतले बहुतेक याच १९०० सालचे. त्यांच्यात मुलं आहेत, म्हाताऱ्या बायका आहेत. पेकिंगच्या बेतांग कॅथीड्रलमध्ये तीन हजारांवर माणसं सुमारे दोन महिने अडकून पडली होती.

ही गोष्ट मी लहानपणापासून एका बाजूने ऐकत आलेय. दुसरी बाजू कॉलेजात आल्यावर वाचली. वेढ्यातल्या लोकांना सोडवायला आठ देशांचं सैन्य गेलं, १४ ऑगस्टला पेकिंग पडलं, आणि मग त्याच सैन्याने ते शहर महिनोन्‌महिने लुटलं. इंग्रजांच्या वतीने गेलेले बरेचसे शिपाई हिंदुस्थानी होते, कारण गोरी पलटण बोअर युद्धात गुंतली होती. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधरसिंह यांनी परत आल्यावर हिंदीत एक पुस्तक लिहिलं, ‘चीन में तेरह मास’. स्वतःच्याच बाजूच्या सैन्याने केलेली लूट बघून या शिपायाला चिनी लोकांबद्दल वाईट वाटतं. हिंदी विभागातल्या मित्रमैत्रिणींनी ते जरूर शोधावं.

या लढाईला माधवराव गेले. वय तेवीस-चोवीस. जनरल गॅसेली यांच्या हाताखाली ऑर्डर्ली ऑफिसर म्हणून, म्हणजे स्टाफवर. त्यांच्यासारखे आणखीही राजे गेले: बिकानेरचे गंगासिंह आपलं उंटदळ घेऊन, जोधपूरचे सर प्रताप घोडेस्वार घेऊन. माधवरावांनी वेगळं काही नेलं. स्वतःच्या खर्चाने एक आगबोट हॉस्पिटल शिप म्हणून सजवून दिली, नाव ‘ग्वालियर’. चीनच्या किनाऱ्यावरून आजारी आणि जखमी शिपायांना उचलून आणायचं, एवढंच तिचं काम.

हे काम दिसतं तेवढं साधं नाही. त्या काळातल्या कुठल्याही मोहिमेत गोळीने जेवढे मरत त्याहून जास्त माणसं जुलाब, विषमज्वर आणि थंडीने मरत. पेकिंग पडल्यावरही सैन्य तिथेच राहिलं आणि उत्तर चीनचा हिवाळा म्हणजे काय, हे बिहार-पंजाबच्या शिपायाला नव्याने शिकावं लागलं. अशा वेळी किनाऱ्याला उभी असलेली एक बोट, जिच्यावर पलंग आहेत, डॉक्टर आहेत, आपल्या जातीचं अन्नपाणी सांभाळणारा स्वयंपाकी आहे, म्हणजे घरी जिवंत जाण्याची शक्यता. अशा बोटींना वाचवण्याचा कायदा तेव्हा अगदी नवा होता. १८९९ च्या हेगच्या परिषदेत ठरलं की हॉस्पिटल शिपवर कुणी गोळा टाकायचा नाही, आणि ती ओळखू यावी म्हणून तिला पांढरा रंग द्यायचा. सरकारी असेल तर कडेने दीड मीटरचा हिरवा पट्टा, खाजगी माणसाने दिलेली असेल तर लाल पट्टा.

दोन गोष्टी इथे मला सोडून पुढे जाता येत नाहीत. एक म्हणजे समुद्र ओलांडणं. तेव्हा परदेशगमन म्हणजे धर्म बुडाला असं मानणारे खूप होते आणि राजाकडे तर सगळ्यांचे डोळे. दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला जयपूरचे माधोसिंह गेले तेव्हा त्यांनी माणसाएवढ्या उंच चांदीच्या घागरींतून गंगाजल भरून नेलं, ते आजही सिटी पॅलेसमध्ये बघायला मिळतात. त्याच वर्षी आपले माधवराव इंग्लंडला गेले आणि केंब्रिजची एलएल.डी. घेऊन आले. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. १८९९-१९०० म्हणजे छप्पनिया दुष्काळ, आणि शिंद्यांचा बराच मुलूख माळव्यात होता, जिथे त्याचा फटका जबरदस्त बसला. अशा साली राजाने चीनला बोट पाठवावी? मला वाटतं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तिच्यामुळे जे शिपाई वाचले ते खरे, आणि तो पैसा ज्या शेतसाऱ्यातून आला तो शेतकरीही खरा.

मध्ये चौदा वर्षं गेली. त्यातलं राजकारण आणि दरबारी भानगडी मी भराभर सांगते. बडोद्याच्या इंदिराराजेंशी माधवरावांचं लग्न ठरलं होतं. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांनी ते मोडलं आणि पुढे कूचबिहारच्या जितेंद्रांशी लग्न केलं. त्या काळच्या हिंदुस्थानात एवढी चवीने चघळलेली बातमी दुसरी नसेल. नंतर माधवरावांनी गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं, आणि त्यांना दोन मुलं झाली. मुलीचं नाव मेरी कमलाराजे, मुलाचं जॉर्ज जिवाजीराव. इंग्लंडच्या राणीचं आणि राजाचं नाव. आमच्याकडे बाप्तिस्म्याचं एक नाव आणि घरात हाक मारायचं दुसरं असतं, त्यामुळे मला यात विचित्र काही वाटलं नाही, उलट हसू आलं. पण शिंद्यांच्या देवघरात, ज्योतिबाच्या समोर, पाळण्यात जॉर्ज आणि मेरी!

याच काळातली दुसरी एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्याचे शेअर विकायला निघाले तेव्हा लंडनने पाठ फिरवली होती आणि स्वदेशीच्या लाटेत मुंबईत लोकांनी रांगा लावल्या. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे डिबेंचर काढावे लागले, आणि ते सगळेच्या सगळे एका माणसाने घेतले, माधवराव शिंद्यांनी. ज्यांनी मुलाचं नाव जॉर्ज ठेवलं त्यांनीच. पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक व्हावं म्हणून शाहू महाराजांबरोबर पुढे झाले तेही हेच माधवराव. त्यांना एका खणात टाकायला गेलं की ते दुसऱ्या खणातून बाहेर येतात.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. ग्वाल्हेरची पायदळाची तुकडी पूर्व आफ्रिकेला गेली. आणि माधवरावांना पुन्हा चीनची बोट आठवली. या वेळी त्यांनी भोपाळच्या बेगम सुलतान जहान आणि इतर संस्थानिकांना बरोबर घेतलं आणि एक चांगली मोठी बोट विकत घेतली. तिचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९० मध्ये इंग्लंडात बॅरो इथे पाण्यात उतरलेली, सुमारे ५,९०० टनांची, दोन पंख्यांची. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती हाँगकाँग, जपान आणि व्हँकुव्हरच्या मध्ये टपाल आणि उतारू नेत असे. तिच्या दोन बहिणी होत्या, ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’. तिघींचाही रंग पांढरा, म्हणून दर्यावर्दी लोकांत त्या गोऱ्या सम्राज्ञी म्हणून ओळखल्या जात. डिसेंबर १९१४ मध्ये ती माधवरावांची झाली, मुंबईच्या गोदीत तिचं हॉस्पिटल केलं गेलं, आणि १९१५ च्या जानेवारीत तिचं नाव बदललं: ‘लॉयल्टी’.

या नावापाशी मी बराच वेळ अडकून होते. इंग्रजीत ‘लॉयल्टी’ म्हटलं की वाक्य तिथेच थांबू शकतं. मराठीत ‘निष्ठा’ म्हणून थांबता येत नाही, कुणीतरी लगेच विचारतं, कुणावर? ‘राजनिष्ठा’ म्हणावं तर राजा कोण? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी कारकुनासाठी राजा म्हणजे माधवराव, माधवरावांसाठी राजा म्हणजे पंचम जॉर्ज. आणि ‘इमान’ म्हटलं तर ते भाकरीशी असतं, खाल्ल्या मिठाशी. बोटीवर इंग्रजी शब्द रंगवला गेला म्हणून या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ तेव्हा कुणावर आली नाही.

तिच्या कामाची गरज किती होती, ते मेसोपोटेमियाकडे पाहिलं की कळतं. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या, सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीची पोरं. नोव्हेंबर १९१५ मध्ये तेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना तैग्रिस नदीतून खाली बसऱ्याला आणलं गेलं, तेव्हा दुसऱ्या एका हॉस्पिटल शिपवरच्या मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरने पाहिलं की नदीतल्या बोटीच्या डेकवर माणसं दिवसेंदिवस मलमूत्रात पडून आली आहेत, जखमांवर पट्टी नाही, अंगावर पांघरूण नाही. त्याने तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. पुढे चौकशी कमिशन बसलं, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि हिंदुस्थान सरकारची अब्रू गेली. मागे राहिलेली बाकीची डिव्हिजन कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. अशा त्या वर्षांत अंथरूण, औषध आणि डॉक्टर घेऊन ये-जा करणारी हर एक बोट म्हणजे किती मोठी गोष्ट!

मुंबईला उतरलेल्या जखमींची एक जागा आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं, आणि म्युझियम म्हणून उघडण्याआधी तिथे लढाईतल्या जखमींचं इस्पितळ होतं. ज्या घुमटाखाली आपण शाळेच्या सहलीत रांगेत उभे राहतो, त्याच्या आसपास खाटा होत्या.

आणि बोट चालवायचं कोण? राजा नाही, डॉक्टरही नाही. त्या काळी मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर कोकणातले आणि गुजरातचे खलाशी डेकवर, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. खाली भट्टीपाशी कोळसा मारणारे आगवाले, बहुतेक पठाण-पंजाबी. आणि स्वयंपाक, जेवण, केबिनी सांभाळणारे गोव्याचे ख्रिस्ती. त्यांना गोव्यात तारवटी म्हणतात. धोबीतलाव, माझगावच्या भागात त्यांच्या गावागावांचे कूड असत, म्हणजे बोट लागली की उतरायचं आणि पुढची बोट मिळेपर्यंत राहायचं ठिकाण. एक मोठी खोली, भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात वेदी, रात्री रोझरी. लढाई असो की शांतता, तारवट्याचं परतणं हे तेवढंच: कूड, मग घर, मग पुन्हा नळी, म्हणजे त्याचं नोकरीचं पुस्तक, घेऊन गोदीच्या दारात. लाल क्रूस रंगवलेला असला तरी लढाईच्या शेवटी शेवटी हॉस्पिटल शिपही सुरक्षित राहिल्या नव्हत्या. जर्मन पाणबुड्यांनी १९१७-१८ मध्ये अशा कितीतरी बोटी बुडवल्या. ‘लॉयल्टी’ वाचली.

नोव्हेंबर १९१८. युद्ध संपलं. आता या बोटीचं करायचं काय? माधवरावांना समुद्रावर धंदा करायचा नव्हता. बोट विकायला निघाली.

इथून पुढची गोष्ट आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची. गं. दे. खानोलकरांनी त्यांचं मोठं चरित्र मराठीत लिहिलं आहे. दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत वालचंदांना वॉटसन नावाचा ओळखीचा इंग्रज भेटला आणि बोलता बोलता त्याच्याकडून कळलं की शिंदे सरकारांची बोट विकायची आहे. वालचंद तेव्हा रेल्वेची कंत्राटं करणारे, बोटीचा अनुभव शून्य. मुंबईला उतरले आणि बोट बघायला गेले! नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मंडळींना गाठलं, २७ मार्च १९१९ ला कंपनी रजिस्टर झाली, आणि बोट शिंद्यांची म्हणून कंपनीचं नावही शिंद्यांचंच पडलं, फक्त इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने गेल्यामुळे शिंदेचं सिंदिया झालं. ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’.

लढाईच्या वर्षांत उतारूंच्या बोटी सरकारने घेतल्या होत्या, त्यामुळे विलायतेला जायला लोक महिनोन्‌महिने ताटकळत होते. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, खुद्द वालचंदांना घेऊन. हिंदी मालकीची पहिली मोठी आगबोट परदेशी निघाली म्हणून आज आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, १९६४ पासून. ‘पहिली’ म्हणताना थोडं जपून म्हणायला हवं. तामिळनाडूच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीनहून कोलंबोला स्वदेशी बोटी सोडल्या होत्या, आणि त्यापायी, शिवाय राजद्रोहाच्या खटल्यापायी, तुरुंगात कोलू ओढला होता. जमशेटजी टाटांनी त्याही आधी प्रयत्न करून हात पोळून घेतले होते. ही सगळी माणसं ज्या दारावर धडका देत होती ते ‘लॉयल्टी’लाही सहज उघडलं नाही. ब्रिटिश कंपन्यांची पद्धत अशी होती की व्यापाऱ्याने सगळा माल त्यांच्याच बोटींनी पाठवला तर भाड्यातली काही रक्कम पुढे काही महिन्यांनी परत मिळे. एक खेप जरी दुसऱ्या कुणाला दिली तर ती गेली. आणि एवढं करूनही कुणी देशी कंपनीकडे वळलाच तर मग भाडी पाडायची, समोरच्याचा श्वास कोंडेपर्यंत.

मला त्या तारखेचं जास्त वाटतं. ५ एप्रिल १९१९. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. मुंबईत गांधीजी चौपाटीवर होते. आणखी सात दिवसांनी जालियनवाला बाग. ज्या आठवड्यात या देशाच्या राजनिष्ठेला कायमचा तडा गेला, त्या आठवड्यात ‘लॉयल्टी’ नावाची बोट अरबी समुद्रात होती, आधी भारताच्या सम्राज्ञीच्या नावाची, मग राजनिष्ठेच्या नावाची, आणि आता ब्रिटिश कंपन्यांच्या पोटावर पाय द्यायला निघालेली. नाव बदलायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आलं असेल तरी रंगाचे पैसे वाचवले असतील, व्यापारी माणसं ती.

माधवराव मात्र होते तसेच राहिले. १९२२ च्या फेब्रुवारीत युवराज एडवर्ड ग्वाल्हेरला आले, काँग्रेसचा त्या दौऱ्यावर बहिष्कार होता आणि ग्वाल्हेरने त्यांचं दणक्यात स्वागत केलं. त्याच्या थोडं आधी बिर्लांना बोलावून ग्वाल्हेरला जयाजीराव कॉटन मिल उभी करायला लावली होती. शिवपुरीला, जिथे दरबार उन्हाळ्यात मुक्कामाला जाई, त्यांनी आईच्या नावाने सख्यासागर हा तलाव बांधून घेतला होता. तिथे काठावर सेलिंग क्लब आहे, पाण्यात मगरी आहेत. पॅसिफिक ओलांडणारी बोट ज्याच्या मालकीची होती त्याने घरी नाव वल्हवायला केलेली ही सोय. मला तो माणूस तिथे थोडा कळतो. त्याला इंजिनं आवडत होती, पाणी आवडत होतं, आणि पैसा अशा ठिकाणी लावायला आवडत होता जिथे काहीतरी हलेल, फिरेल, चालेल. त्यातून कुणाचा फायदा होईल, राजाचा की राज्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्यांचा, याचा विचार त्याने केला असेल किंवा नसेल. पोलादात आणि बोटीत दोन्हीकडे तो फायदा दुसऱ्या बाजूला गेला.

‘लॉयल्टी’ म्हातारी झाली होती. कोळसा फार खायची. १९२१ मध्ये तिला मुंबईतच उभी करून ठेवली आणि १९२३ मध्ये भंगारात काढली. त्याच साली सिंदिया कंपनीला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला: किनाऱ्यावरचा थोडा धंदा तुमचा, परदेशी जायचं नाही. म्हणजे ज्या वाटेने ‘लॉयल्टी’ गेली होती ती वाट बंद. कंपनी मात्र टिकली. बॅलार्ड इस्टेटमधलं सिंदिया हाऊस तिचंच.

५ जून १९२५ ला माधवराव पॅरिसमध्ये वारले, अठ्ठेचाळीस वर्षांचे. पुन्हा एकदा समुद्र ओलांडून गेले होते. शिवपुरीला आईच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे. ग्वाल्हेरच्या गादीवर पुन्हा एक लहान मुलगा बसला, जॉर्ज जिवाजीराव, नऊ वर्षांचा व्हायला तीन आठवडे कमी. पुन्हा कौन्सिलचा कारभार. १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि बाकीची संस्थानं मिळून मध्य भारत झालं तेव्हा हा जॉर्ज त्याचा राजप्रमुख झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात विशाखापट्टणमला सिंदिया कंपनीच्या गोदीत बांधलेलं ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं होतं.